सोमवार आला की अपडेट अडकतं: लॅबमधल्या लोकल रेपोची दुखणी

नाशिकमध्ये एखाद्या क्लासची, आयटीआयची किंवा शाळेची उबुंटू लिनक्सवरची लॅब जो कुणी सांभाळतो, त्याला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. शनिवारी दुपारपर्यंत सगळं व्यवस्थित. सोमवारी सकाळी पहिली बॅच बसायच्या आत अपडेट द्यावं, तर निम्म्या मशीनवर एरर. मग कुणीतरी कुठूनतरी उचललेली आज्ञा मारतं, लिस्टचा (मशीनवर उतरवलेल्या पॅकेजेसच्या याद्यांचा) फोल्डर पुसतं, चहा घेऊन येतं आणि बघतं तर अपडेट चालू. "झालं सर, लिस्ट उडवली की होतं," असं लॅब असिस्टंट सांगतो. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच खेळ.

लिस्ट उडवल्याने ते झालेलं नसतं. चहाला गेलेल्या वेळात झालेलं असतं. कसं, ते खाली येतंच. आज्ञा आणि एरर इथे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.

मी लोकल रेपोच्या, म्हणजे लॅबमध्येच ठेवलेल्या सॉफ्टवेअर पॅकेजेसच्या साठ्याच्या, ज्या मांडणीबद्दल लिहितोय ती आपल्याकडे सर्रास दिसते. वीसेक मशीन, त्यातली बरीचशी सातपूर-अंबडच्या कुठल्यातरी कंपनीने भंगारात काढलेली. एक जुनं मशीन सर्व्हर म्हणून कोपऱ्यात, पत्ता समजा १९२.१६८.१.१०. त्यावर एपीटी-कॅशर-एनजी हा प्रोग्राम चालतो. पहिल्या मशीनने एखादं पॅकेज मागितलं की तो ते बाहेरून आणतो आणि स्वतःच्या साठ्यात (कॅशमध्ये) ठेवतो. बाकीच्यांना ते लॅनवरूनच मिळतं. प्रत्येक मशीनवर /एटसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/ या फोल्डरमध्ये ०१प्रॉक्सी नावाची फाइल, आणि तिच्यात एकच ओळ:

अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१४२";

शिवाय आपण स्वतः बनवलेली किंवा जमवलेली थोडी पॅकेजेस /एसआरव्ही/रेपो मध्ये. बस, एवढंच. छोट्या लॅबला याहून जास्त काही लागत नाही.

एरर कळायच्या असतील तर एपीटी, म्हणजे उबुंटूत पॅकेजेस आणून बसवणारा प्रोग्राम, कुणावर विश्वास ठेवतो ते आधी माहीत हवं. रेपोमध्ये सगळ्यात वर असते इनरिलीज नावाची फाइल. तिच्यावर रेपोवाल्याची डिजिटल सही असते, तयार झाल्याची तारीख असते आणि खालच्या याद्यांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठसे) असतात. त्या याद्या म्हणजे पॅकेजेस फाइली; त्यांच्यात प्रत्येक डेब फाइलचं नाव, आकार आणि हॅश. सगळ्यात खाली प्रत्यक्ष डेब, म्हणजे पॅकेजची फाइल. वरच्या पायरीने खालच्या पायरीची हमी द्यायची, असा हा व्यवहार. तारीख पटली नाही, सही पटली नाही, हॅश जुळला नाही, की एपीटी तिथेच थांबतो आणि नेमकं कुठे थांबला ते सांगतो. आपण ते वाचत नाही, हीच खरी अडचण. लाल ओळ दिसली की नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. कामाची ओळ बहुतेक वेळा पहिली असते.

सोमवारचा आजार

सोमवारी येते ती एरर साधारण अशी असते (नोबल हे उबुंटू २४.०४ चं टोपणनाव): नोबल-अपडेट्सची "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट", आणि पुढे "इनव्हॅलिड फॉर अनदर १डी १६एच". म्हणजे एपीटीच्या मते ही फाइल अजून एक दिवस सोळा तासांनी जन्माला येणार आहे. रेपो भविष्यातला असू शकत नाही, तेव्हा मशीनच भूतकाळात आहे. आता तो आकडा नीट बघा. मशीन शनिवारी दुपारी बंद झालं, सोमवारी सकाळी चालू झालं. मधला काळ जेवढा, त्याहून थोडासाच कमी. हा योगायोग नाही.

जुन्या मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही गोल बॅटरी संपलेली असते. तरी आठवडाभर काही बिघडत नाही, कारण संध्याकाळी मशीन शटडाउन केलं तरी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालूच राहतं. पॉवर सप्लायमधून थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि तेवढ्यावर घड्याळ चालतं. शनिवारी शिपाईमामा लॅबचा मेन स्विच पाडून कुलूप लावतात. त्या क्षणी घड्याळ मेलं.

सोमवारी घड्याळाने सरळ २०१० साल दाखवलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण उबुंटू २४.०४ मध्ये वेळ जुळवणारी सिस्टिमडी-टाइमसिंकडी ही सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर नोंदवून ठेवते. चालू होताना हार्डवेअरचं घड्याळ त्याहून मागे दिसलं तर ती नोंदवलेली वेळ घेऊनच पुढे जाते. म्हणून मशीन उघडतं ते शनिवार दुपारच्या वेळेने. साल बरोबर, महिना बरोबर, तारीख दोनच दिवसांनी मागे. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघूनही कळत नाही, कारण तारखेकडे कोण बघतो?

आणखी एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. नुसता नोबल पास होतो. नोबल-अपडेट्स आणि नोबल-सिक्युरिटी अडकतात. कारण उघड आहे. उबुंटू २४.०४ ची मूळ इनरिलीज एप्रिल २०२४ ची, ती कधी बदलत नाही. शनिवारच्या घड्याळालाही ती जुनीच वाटते. अपडेट्स आणि सिक्युरिटीची फाइल सतत नव्याने निघते, त्यामुळे तिची तारीख रविवार-सोमवारची. हे माहीत नसलं की माणूस मिररला (रेपोची नक्कल ठेवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरला) दोष देतो आणि सोर्सेस फाइलीतले रेपोंचे पत्ते बदलत बसतो.

आता चहाचा प्रश्न. टाइमसिंकडी इंटरनेटवरून वेळ आणायचा प्रयत्न करत असतो. सकाळी राउटर उशिरा चालू झाला, किंवा नेटच्या लॉगिन पानावर अजून कुणी लॉगिन केलेलं नाही, तर त्याला वेळ मिळत नाही. थोड्या वेळाने मिळते. तेवढ्यात आपण लिस्ट पुसून झालेली असते आणि श्रेय तिला जातं.

खात्री करायला एकच आज्ञा पुरते:

टाइमडेटसीटीएल

"सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड" पुढे "नो" असेल आणि तारीख मागची असेल, तर निदान झालं. बॅटरीची वेगळी परीक्षा हवी असेल तर मशीनची वायर काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी उबुंटू चालू व्हायच्या आत बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. उबुंटू चालू झाल्यावर बघू नका. वेळ एकदा जुळली की कर्नल ती हार्डवेअरच्या घड्याळातही लिहून टाकतं आणि पुरावा जातो.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. बॅटरी बदला, मेनरोडवरच्या कुठल्याही घड्याळवाल्याकडे सीआर २०३२ मिळते, तीन व्होल्टची, अधिकच्या खुणेची बाजू वर ठेवून बसवायची. दुसरं, लॅबलाच एक घड्याळ द्या. पुष्कळ ठिकाणी राउटरवर वेळेचा १२३ नंबरचा यूडीपी पोर्ट बंद असतो आणि मग दिवसभर वाट बघितली तरी वेळ जुळत नाही. सर्व्हरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा आणि वाटणारा प्रोग्राम बसवा आणि त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये ही ओळ घाला:

अलाऊ १९२.१६८.१.०/२४

बाहेरचा पोर्ट सर्व्हरलाही बंद असेल तर "लोकल स्ट्रॅटम १०" ही ओळही घाला, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या घड्याळावर लॅबला वेळ देईल. मग सर्व्हरचं घड्याळ मात्र बरोबर हवं. बाकी मशीनवर /एटसी/सिस्टिमडी/टाइमसिंकडी.कॉन्फ मध्ये "एनटीपी=१९२.१६८.१.१०" लिहून सेवा रीस्टार्ट करा.

तारीख तपासूच नको असं एपीटीला सांगणारा एक पर्यायही फिरत असतो, अक्वायर::चेक-डेट ला फॉल्स करायचा. कृपा करून तो कायमचा लावू नका. घड्याळ मागेच राहतं, एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं अडकायला लागतात, आणि मुलांनी सेव्ह केलेल्या फाइलींच्या तारखा कुठल्या कुठे जातात.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बॅटरीच्या मागे लागू नका. तो विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असल्याचा परिणाम. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच जागतिक वेळ समजून तिच्यात साडेपाच तास मिळवतं. सर्व्हरच असा ड्युअल बूट असेल आणि तुम्ही स्वतःच्या रेपोची रिलीज फाइल त्याच्यावर तयार करत असाल, तर ती साडेपाच तास पुढच्या तारखेने निघते आणि घड्याळ बरोबर असलेली सगळी मशीन ती नाकारतात. अशा वेळी क्लाएंट निरोगी, सर्व्हर आजारी. वेळ दुरुस्त करून रिलीज फाइल पुन्हा काढा. माझं मत विचाराल तर सर्व्हरवरून विंडोज काढून टाका. रोज रात्री चालू राहायच्या मशीनला त्याची गरज नाही.

हॅश सम मिसमॅच

या एररचा अर्थ सरळ आहे: काटापट्टी एका ट्रॉलीची आणि समोर उभी ट्रॉली दुसरीच. यादीत लिहिलेला हॅश आणि हातात आलेली फाइल जुळत नाही. प्रश्न एवढाच की घोळ बाहेर झाला, आपल्या सर्व्हरवर झाला की आपणच केला.

एका मशीनवर ०१प्रॉक्सी फाइलच्या नावाला शेवटी .बॅक जोडा, म्हणजे एपीटी ती वाचणार नाही, आणि पुन्हा अपडेट द्या. सरळ गेलं तर दोष आपल्या कॅशमध्ये. तरीही तीच एरर आली तर बाहेरचा मिरर त्या क्षणी बदलत असेल. तास-दोन तासांनी पुन्हा बघा. याद्या नावाऐवजी हॅशनेच मागायची सोय आल्यापासून असं पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी होतं.

आपल्याकडे दोष बहुतेक कॅशमध्येच सापडतो, विशेषतः पावसाळ्यात. त्र्यंबक रोडच्या बाजूला जोराची सर आली की वीज जाते, सर्व्हरला यूपीएस नसतो किंवा असला तरी त्याची बॅटरी नावालाच असते, आणि नेमकी तेव्हा एखादी मोठी फाइल उतरत असते. अर्धवट फाइल कॅशमध्ये राहते आणि पुढे प्रत्येक मशीनला तीच वाटली जाते. म्हणून एरर एका मशीनवर न येता सगळीकडे एकदम येते, तेही एकाच पॅकेजवर. क्लाएंटवर लिस्ट पुसून इथे काडीचा उपयोग नाही. बिघाड त्यांच्याकडे नाहीच. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता, ३१४२ पोर्ट आणि पुढे /एसीएनजी-रिपोर्ट.एचटीएमएल असं टाका. तिथे कॅश तपासायची सोय आहे. फाइलींचे चेकसम पडताळायचा पर्याय निवडून स्कॅन चालवा. वेळ खातं, पण बिघडलेली फाइल सापडते आणि काढता येते. घाई असेल तर /व्हार/कॅश/एपीटी-कॅशर-एनजी मध्ये जाऊन एररमध्ये नाव आलेली फाइल तेवढी उडवा. पूर्ण कॅश रिकामा करू नका, नाहीतर वीस मशीनचा माल पुन्हा पहिल्यापासून ओढावा लागेल.

आपणच केलेला घोळ वेगळा ओळखू येतो. /एसआरव्ही/रेपो मधलं एखादं पॅकेज दुरुस्त करून पुन्हा बांधलं, आवृत्तीचा आकडा तोच ठेवला आणि यादी नव्याने काढली नाही, की "फाइल हॅज अनएक्स्पेक्टेड साइझ" येतं आणि पुढे "मिरर सिंक इन प्रोग्रेस?" असा निरागस प्रश्न. सिंक वगैरे काही चालू नसतं. आवृत्ती वाढवा, यादी पुन्हा काढा.

नोस्प्लिट

"क्लिअरसाइन्ड फाइल इज नॉट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट" ही एरर दिसायला भयंकर, पण तिच्या शेवटी कंसात एपीटीने स्वतःच विचारलेलं असतं: नेटवर्कला लॉगिन लागतं का? लागतं. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा चालू झाला, आणि तो आता प्रत्येक मागणीला स्वतःचं लॉगिन पान देतोय. एपीटीने सही केलेली फाइल मागितली, हातात आलं वेबपान. ब्राउझर उघडून लॉगिन करा आणि अपडेट पुन्हा द्या. त्यानेही गेलं नाही तर ते लॉगिन पान सर्व्हरच्या कॅशमध्ये इनरिलीज म्हणून जाऊन बसलंय का ते बघा. फाइल एखाद्या एडिटरमध्ये उघडली की एचटीएमएल लगेच ओळखू येतं.

पेनड्राइव्हवरचा रेपो

सुरगाणा, पेठकडच्या आश्रमशाळांमध्ये नेट भरवशाचं नसतं. तिथे पॅकेजेस पेनड्राइव्हवरून जातात आणि तिथल्या गुरुजींचा हमखास फोन येतो: "सर, पेनड्राइव्ह दिसतोय, फाइली दिसताहेत, पण एपीटी म्हणतो फाइल नॉट फाउंड."

गुरुजींना फाइली दिसतात. एपीटीला दिसत नाहीत, कारण दोघे वेगळे युजर आहेत. एपीटी डाउनलोडचं काम _एपीटी नावाच्या कमी अधिकाराच्या युजरकडून करून घेतो. पेनड्राइव्ह /मीडिया खाली ज्या फोल्डरमध्ये उघडतो तो फक्त लॉगिन केलेल्या माणसाला खुला असतो. एररच्या शेवटी "१३: परमिशन डिनाइड" दिसलं की हेच समजायचं. डेब फाइली होम फोल्डरमध्ये ठेवल्या तरी तेच, उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम इतरांना बंद असतं. अधिकार मोकळे करत बसण्यापेक्षा फाइली सरळ /एसआरव्ही/रेपो मध्ये कॉपी करा, डीपीकेजी-डेव्ह हे पॅकेज आधी बसवलेलं असू द्या, आणि त्या फोल्डरमध्ये उभं राहून यादी काढा:

डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस -एम . > पॅकेजेस

मग सोर्सेसमध्ये ही ओळ:

डीईबी [ट्रस्टेड=येस] फाइल:/एसआरव्ही/रेपो ./

शेवटचा टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका, आणि त्यांच्या आधीची मोकळी जागाही. पेनड्राइव्हवरूनच चालवायचा हट्ट असेल तर आणखी एक खाचखळगा आहे: ड्राइव्हच्या नावात मोकळी जागा असली, जशी "न्यू व्हॉल्यूम" मध्ये असते, की एपीटी त्या जागेवर ओळ तोडतो.

यानंतरही "अनमेट डिपेन्डन्सीज" येतं ते वेगळ्या कारणाने. आपण नाशिकच्या मशीनवर पॅकेज डाउनलोड करून /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज मधल्या फाइली उचलतो. पण त्या मशीनवर आधीच बसलेल्या लायब्ररी एपीटी पुन्हा कशाला उतरवेल? त्या फोल्डरमध्ये येतच नाहीत. शाळेतल्या कोऱ्या मशीनला नेमक्या त्याच हव्या असतात. शाळेत आहे तीच आवृत्ती आपल्याकडे व्हर्च्युअल मशीनमध्ये कोरी बसवा आणि तिथे "डाउनलोड-ओन्ली" पर्यायाने उतरवा. मग संच पुरा मिळतो.

किरकोळ

"कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स" ही चेतावणी २४.०४ वर येते तेव्हा कुणीतरी जुन्या सवयीने सोर्सेस.लिस्ट मध्ये उबुंटूच्या ओळी घातलेल्या असतात. आता त्या सोर्सेस.लिस्ट.डी मधल्या उबुंटू.सोर्सेस या फाइलीत असतात. जुन्या फाइलीतल्या काढा.

एखादा रेपो आय३८६ ला (३२-बिटला) आधार देत नाही अशी सूचना आली तर घाबरायचं कारण नाही; त्या रेपोच्या ओळीत [आर्च=एएमडी६४] लिहा.

चार-शून्य-चार, म्हणजे फाइल सापडली नाही: आधी अपडेट द्या, कारण जुन्या यादीतली आवृत्ती मिररवरून काढलेली असू शकते. तरीही आणि सगळ्याच ओळींवर तेच येत असेल तर तुमची उबुंटू मुदत संपलेली आहे. एलटीएस (दीर्घ मुदतीचा आधार असलेल्या) नसलेल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार असतो. मग त्या ओल्ड-रिलीजेसच्या सर्व्हरवर हलवल्या जातात. लॅबमध्ये एलटीएसच बसवा, हे किती वेळा सांगायचं?

लॉक मिळत नाही: मागे आपोआप अपडेट चालू असतं. थांबा. लॉक फाइल डिलीट करू नका.

"नो पबकी": बाहेरच्या एखाद्या रेपोची सही तपासायची चावी नाही. ती रेपोवाल्याच्या संकेतस्थळावरून घेऊन /एटसी/एपीटी/कीरिंग्ज मध्ये ठेवा आणि ओळीत साइन्ड-बाय ने तिचा पत्ता द्या. मजकुरासारखी वाचता येणारी चावी असेल तर एक्स्टेन्शन .एएससी, बायनरी असेल तर .जीपीजी; उलटसुलट झालं की चावी समोर असून एपीटीला सापडत नाही. इथे कंटाळून ट्रस्टेड=येस लावणारे भेटतात. ते आपल्या हाताने भरलेल्या /एसआरव्ही/रेपो पुरतं ठीक आहे. इंटरनेटवरच्या रेपोला ते लावलं तर वाटेत कुणीही काहीही मिसळलं तरी एपीटी ते रूटच्या अधिकाराने बसवेल.

पूर्ण मिरर ठेवावा का, असं बरेच जण विचारतात. एका आवृत्तीचा, एकाच आर्किटेक्चरचा मिररही शेकडो जीबी खातो आणि त्यातलं बहुतेक काही कुणी कधी मागत नाही. शिवाय एपीटी-मिररच्या जुन्या आवृत्त्या कमांड-नॉट-फाउंडच्या सीएनएफ फाइली आणतच नाहीत, म्हणून क्लाएंटवर दर अपडेटला चार-शून्य-चार. आरसिंक या कॉपी करायच्या आज्ञेने हाताने मिरर करणारे एकाच फेरीत सगळं ओढतात. नवीन याद्या आधी पोचतात, डेब नंतर, आणि मधल्या वेळात लॅब अडकते. आधी पूल (डेब फाइली) आणि मग डिस्ट्स (याद्या), असं दोन फेऱ्यांत करावं लागतं. वीस मशीनसाठी हा खटाटोप मी करणार नाही.

कुणाला मदत मागायची असेल तर "अपडेट होत नाही" एवढंच कळवू नका आणि मोबाइलवरून पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा फोटोही पाठवू नका. अपडेटचा पहिल्या ओळीपासूनचा पूर्ण मजकूर, टाइमडेटसीटीएलचा मजकूर, एकाच मशीनवर येतंय की सगळ्या, आणि ०१प्रॉक्सी बाजूला केल्यावर काय झालं, हे पाठवा.